भोईरकाकूंचं हेलसिंकी

बाळकुमच्या आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांना अजूनही वाटतं, की मी फुकटात जग फिरते. लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "काय मनीषाताई, आता कुठे?" मी स्कॅन्डिनेव्हिया म्हटलं की असा चेहरा करतात, जणू मी तिथे बर्फात लोळायला चाललेय. टूर मॅनेजरने पाहिलेला युरोप वेगळा असतो, हे सांगून कोणाला पटत नाही. बस कुठल्या कोपऱ्यात उभी करू देतात, कुठल्या चौकातलं टॉयलेट स्वच्छ असतं, कुठल्या हॉटेलात नाश्त्याला उशीर केला तर नुसता ब्रेड उरतो, हे मला पाठ आहे. चर्चमध्ये काय आहे ते मात्र मी फारसं सांगू शकणार नाही. लोक आत असतात तेव्हा मी बाहेर फोनवर रात्रीच्या जेवणातला जैन किती आणि नॉनव्हेज किती ते सांगत असते.

माझं बालपण कल्याणच्या चाळीत गेलं, बुद्धविहाराला लागून. आमच्या घरातून पहिल्यांदा विमानात बसले ती मीच, आणि बसले ती दुसऱ्यांच्या बॅगा मोजत. त्या नोकरीने मला एक खोड लावली. मला बसवत नाही. घरीसुद्धा चहा उभ्यानेच पिते. कुठे दोन मिनिटं निवांत टेकले की वाटतं, कोणीतरी मागे राहिलंय.

हेलसिंकी आमच्या टूरमध्ये शेवटी येतं. कोपनहेगनची जलपरी बघून "एवढीच?" म्हणून झालेलं असतं, नॉर्वेचे डोंगर बघून माना दुखलेल्या असतात, आणि स्टॉकहोमहून रात्रीच्या जहाजाने सगळे सकाळी इथे उतरतात ते झोप न झालेले, थेपले संपलेले, घराची आठवण यायला लागलेले. म्हणून या शहराला आम्ही अर्धा दिवस देतो. खडकात कोरलेलं चर्च, हिरव्या घुमटांचं पांढरं कॅथेड्रल, त्याच्या पायऱ्यांवर ग्रुप फोटो, मग बंदरावरचा बाजार, आणि एअरपोर्ट. कितीतरी वर्षं माझ्यासाठी हेलसिंकी म्हणजे एवढंच होतं.

त्या वर्षी ग्रुपमध्ये कल्याणजवळच्या मोहन्याचे गजानन भोईर आणि त्यांची बायको सुलोचना होते. काकांचा जन्म मोहन्याच्या रेयॉन फॅक्टरीत गेलेला. फॅक्टरी बंद पडली, पुढे शीळफाट्याकडची थोडी जमीन रस्त्यात गेली, आणि त्या पैशातून मुलाचा विरोध पत्करून काकांनी ही टूर घेतली. आमच्याकडे स्वित्झर्लंड-पॅरिसची गर्दी असते. मोहन्याहून कोणी थेट फिनलंडला यायचं म्हणतं, तेव्हा आम्ही दोनदा विचारतो. मी बसमध्ये विचारलं तर काका म्हणाले, "अहो मॅडम, आमच्या फॅक्टरीत लाकडाचा लगदा यायचा ना, तो इकडनं यायचा. पांढरे जाड तक्ते. पुठ्ठ्यासारखे. ते आम्ही सोड्यात भिजवायचो, मग त्याचा धागा. अख्खी जिंदगी ह्यांच्या झाडांना हात लावला, झाड काय बघितलं नाही."

त्यामुळे ते रोज एकच प्रश्न विचारायचे. "मॅडम, जंगल कधी येणार?" टूरच्या कार्यक्रमात जंगल नव्हतं. बसच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच. काका खिडकीशी कपाळ टेकवून बसायचे. काकू शेजारी. साडीवर स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट शूज, आणि बोलायचं काम नवऱ्यावर सोपवलेलं.

हेलसिंकीच्या बाजारात त्या सकाळी ऊन होतं. समुद्राच्या काठाला भगव्या रंगाचे तंबू लागतात, त्यात बेरी, मासे, लोकरीचे मोजे. मी बसच्या ड्रायव्हरशी बोलत होते. काकू बाकीच्या बायकांबरोबर टॉयलेटच्या रांगेत होत्या. काकांनी एका तंबूत माशाचं सूप घेतलं होतं आणि ते बाकावर बसून पीत होते. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते बाकाजवळ काहीतरी पडल्याचं, आणि वळून बघितलं तर सूप देणारी बाई, चांगली दांडगी बाई, गुडघ्यांवर बसून एका हाताने काकांची छाती चोळत होती. तिने कोणालातरी ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली होती. ती लगेच आलीही. पण हॉस्पिटलात पोचायच्या आत काका गेले.

काकू रांगेतून परत आल्या तेव्हा बाक रिकामा होता, आणि मला हॉस्पिटलातून फोन येऊन गेला होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं गेले?" मी सांगितलं. हे मी पूर्वीही एकदा एका प्रवाशाच्या घरच्यांना फोनवरून सांगितलेलं, पण समोरासमोर कधी नाही. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

अशा वेळी आमचा धंदा कसा चालतो ते सांगते. विमान कोणासाठी थांबत नाही. आमच्याच कंपनीचा दुसरा ग्रुप शहरात होता, त्याच्या मॅनेजरने माझी माणसं एअरपोर्टला नेली. मी मागे राहिले. जाताना सगळ्यांनी काकूंच्या पायांना हात लावले, काही जण रडले, आणि बसमध्ये चढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाही दिसली. त्यांना मी दोष देत नाही. माझ्यावर हे कोणी सोपवलं नसतं, तर मीही त्या बसमध्ये असते.

हॉस्पिटलात दोन पोलीस आले. एक बाई, एक पुरुष. त्यांनी टोप्या काढून हातात धरल्या आणि हळू आवाजात इंग्रजीत समजावलं. अचानक मृत्यू झाला की तपासणी करावी लागते, कागद व्हायला दिवस लागतील. काकूंनी मला विचारलं, "पोलीस कशाला? कोनी मारलं का त्यांना?" मी नाही म्हटलं. "मंग ते टोप्या काढून का उभे हायेत?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी." काकूंनी त्या दोघांकडे नीट बघून घेतलं.

पुढचे दिवस वाट बघण्याचे. तपासणी, दाखले, दूतावासाचं पत्र, शवपेटी, विमानात जागा. प्रत्येक जण सभ्यपणे सांगायचा, थांबा. स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात आम्हा दोघींना एक खोली होती. खिडकीबाहेर उजेड मावळायचा म्हणून नाही. काकू पलंगाच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसायच्या, जणू आत्ता कोणी नाव पुकारेल. मी दार ते खिडकी चालायची.

फोन सारखा वाजायचा. डोंबिवलीहून त्यांचा मुलगा संदेश, मोहन्याहून काकांचा धाकटा भाऊ दशरथ. दोघेही माझ्याशीच बोलायचे.

"मॅडम, गाव थांबलंय," दशरथ म्हणायचा. "बॉडी आणायची. मुंबईला उतरली की पुढचं आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी संदेशचं वेगळंच. "मॅडम, इतके दिवस लागणार असतील तर तिथेच करून टाकायचं का? अस्थी आणता येतील ना?"

"ते आईंना विचार," मी म्हटलं.

"आईला नका मध्ये घेऊ. ती आधीच कोलमडली असेल."

आई चार फुटांवर बसली होती आणि सगळं ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मनीषा, मना हितं बसवत नाय. मना भाईर काढ."

त्यांनी असं म्हणेपर्यंत मला वाटत होतं की बेचैनी माझी एकटीचीच आहे.

आम्ही ट्रामने निघालो. कुठे जायचं ते ठरवलंच नाही. हिरवी-पिवळी ट्राम, एका टोकाला जायची, वळून परत यायची. आम्ही बसून राहायचो. तिथे माणसं एकमेकांशेजारी बसत नाहीत, मधली सीट सोडून बसतात, कोणी कोणाकडे टक लावून बघत नाही. मला वर्षानुवर्षं हा त्यांचा कोरडेपणा वाटत आलेला. काकू म्हणाल्या, "बरं हाय. आपल्याकडं एवढ्यात दारात पन्नास बाया आल्या असत्या. मना त्यांनाच सांभाळायला लागलं असतं."

प्रश्न होता खाण्याचा. मी भारतीय हॉटेलातून डाळ-भात आणलेला, काकूंनी तो नुसता चिवडला. तिसऱ्या दिवशी पाय दुखले म्हणून एका कॅफेत टेकलो. मी कॉफी घेतली आणि त्यांच्यापुढे एक बन ठेवला. काकूंनी तो नाकाशी धरला.

"ह्यात वेलची हाय."

असतेच. या लोकांच्या गोड पावात वेलची असते, भरपूर असते. का ते मला माहीत नाही. वेलचीचं झाड तिथे दिवाणखान्यातसुद्धा जगायचं नाही. पण ग्रुपला आम्ही इथे अर्ध्या दिवसात फ्राइड राइस खायला घालतो, त्यामुळे ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नव्हती. काकूंनी अख्खा बन खाल्ला. मग बोटाला चिकटलेली साखर बघत बसल्या, आणि म्हणाल्या, "भूक लागते गो. लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, बाजारात जायचं. त्याच. मी टाळाटाळ केली. काकू शूज घालून दारात उभ्या.

सूपवाल्या बाईने आम्हाला लांबूनच ओळखलं. ती तंबूतून बाहेर आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. मिठी नाही, काही नाही. दोन्ही हात लोंबकळत. तिचं इंग्रजी मोडकं होतं, तरी समजत होतं. ती म्हणाली, "मी प्रयत्न केला. सॉरी."

मी काकूंना सांगितलं. काकूंनी विचारलं, "काय बोलले का ते?"

बाईने मान हलवली. "बोलले नाहीत. माझा हात घट्ट धरला होता. ॲम्ब्युलन्स आली तरी सोडला नाही."

काकूंनी तिचा तो हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. लाल, खरखरीत, मासे कापून चिरा पडलेला हात. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मागे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनीही घाई केली नाही.

मग काकू म्हणाल्या, "त्यांनी काय खाल्लं होतं? तेच दे म्हणावं."

साल्मन माशाचं सूप, दूध-साय घातलेलं, बटाटे, आणि वरून चिरलेला शेपू. बाईने पैसे घेतले नाहीत. काकू वाडग्याकडे बघत म्हणाल्या, "माशात दूध? अंगावर कोड उठंल." मी म्हटलं, नका खाऊ. त्यांनी चमचा उचलला. "त्यांनी खाल्लं ना." शेवटी काळ्या ब्रेडने वाडगा पुसून घेतला, आणि म्हणाल्या, "शेपूचा वास असा माशाला लागंल असं वाटलं नव्हतं."

त्याच आठवड्यात दूतावासातल्या ओळखीने एक मराठी जोडपं भेटायला आलं. अमेय आणि रसिका, दोघंही मूळचे डोंबिवलीचे, तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत. वरण-भात घेऊन आले, आणि रविवारी गाडी. अमेयने विचारलं, "काकू, कुठे जायचंय?"

"जंगलात," काकू म्हणाल्या.

तिथे जंगलासाठी शहर सोडून फार जावं लागत नाही. इमारती संपतात आणि झाडं सुरू होतात. उंच, सरळ पाइन, मध्ये पांढऱ्या सालीचे बर्च, खाली बेरीची झुडपं. पानांचा आवाज सोडला तर काही नाही. काकू एका झाडापाशी गेल्या, तळहात लावला, वर बघितलं. अमेय झाडांची नावं सांगायला लागला होता, रसिकाने त्याला गप्प केलं.

"हे कापून, भिजवून, त्याचा धागा," काकू म्हणाल्या. "त्यांचा शर्ट पन त्याचाच व्हता. लग्नातला." मग कितीतरी वेळ त्या झाडांमधून चालत राहिल्या. पुढे त्या, मागे मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्यातरी मागून चालत होते.

परतल्यावर अमेयच्या घरी जेवलो. त्यांचा छोटा मुलगा पाळणाघरात फिनिश शिकलेला. रसिका त्याला म्हणाली, "आजी म्हण." तो काकूंकडे बोट दाखवून म्हणाला, "मुम्मो." तिकडे आजीला मुम्मो म्हणतात. काकूंना इतकं हसू आलं, की त्यांनी पदर तोंडाला लावला. रसिकाने फोटो काढला आणि चांगल्या मनाने तिथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, कठीण काळात काकूंना थोडा विरंगुळा, असं काहीतरी लिहून. त्या ग्रुपमधल्या कोणाची बहीण डोंबिवलीला, तिची मैत्रीण मोहन्याला. दुसऱ्या सकाळी फोटो भोईरांच्या घरी पोचलेला.

पहिला फोन ठाण्याच्या ऑफिसातून. आमचे साहेब म्हणाले, "मनीषा, गेस्टला हॉटेलवर ठेव. फिरवू नकोस. फॅमिली भडकलीय." लोकांना फिरवायचा पगार मी इतकी वर्षं घेतला, त्यात फिरवू नकोस असं मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

दुसरा फोन दशरथचा. मी स्पीकरवर टाकला नव्हता, तरी आवाज खोलीभर झाला. "भाऊ तिथे फ्रिजमध्ये पडलाय आणि ही हसतेय? जेवणं काय, जंगलं काय? लोक तोंडावर बोलतात मॅडम. तुम्ही बाईमाणूस असून तुम्हाला कळलं नाही?"

मी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. माझ्यासमोर तोवर त्यांनी एकदाही फोन कानाला लावला नव्हता.

"भावजी, मी बोलते." त्या उठून खिडकीशी गेल्या. "हसले मी. त्या पोराने मना मुम्मो म्हटलं. तुमाला हसू आलं नसतं का? मी हितं वाट बघतेय. वाट बघताना एका जागी बसूनच रडलं पायजे, असं कोनी सांगितलंय?"

दशरथ काहीतरी म्हणाला.

"नाय. आता माझं ऐका. हितं जाळायचं नाय त्यांना. संदेशला पन सांगा. त्यांची आई तिकडं बसलीय, तिला तोंड दाखवायचं हाय. किती बी दिवस लागू देत, मी त्यांना घेऊनच येनार. पन तवर मी कशी रायची, ते मी बघीन." फोन माझ्याकडे देत त्या म्हणाल्या, "कसा बंद करतात हा?"

मग पलंगावर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. खूप वेळ. मी शेजारी बसले. बाहेर ट्राम येत-जात होत्या.

आठवडा उलटून गेल्यावर कागद झाले. परतीच्या विमानात काकू खिडकीशी, मी मध्ये. विमान वर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ते खाली असतील ना? कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी थोडा विचार केला, वाकून शूज काढले, आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. एअर होस्टेस सांगायला आली की पाय खाली ठेवा. खाली काका आहेत, त्यांना पाय लागायला नको, हे मी तिला हळूच सांगितलं. ती गेली आणि एक उशी घेऊन आली. मुंबई येईपर्यंत काकूंनी पाय खाली टेकवला नाही.

मोहन्याला शवपेटीच्या काचेतून काकांच्या आईला तोंड दाखवलं, अग्नी दिला गेला. मी स्मशानापर्यंत जाऊन परतले. माझा पुढचा ग्रुप ठरलेला होता, बॅग भरायची होती. दहाव्याला जायचं की नाही ते नक्की नव्हतं, तरी गेले.

घरासमोर मांडव. पुरुष खुर्च्यांवर. दशरथ मला बघून उठला, नमस्कार केला आणि परत खुर्चीत बसला. संदेशने आत नेलं. आत बायका भिंतींना टेकून बसलेल्या, मध्ये काकू, आणि पलंगावर काकांची आई. फार म्हातारी, वाळलेली, डोळे मिटलेले. सगळं अगदी दबक्या आवाजात चाललेलं. मी काकूंजवळ बसले.

थोड्या वेळाने त्यांच्या एका नणंदेने कुजबुजत विचारलं, "वहिनी, कसं हाय गो तिकडं?"

विचारून ती स्वतःच ओशाळली. दोघीतिघींनी दाराकडे, मांडवाकडे बघितलं. काकूंनी पदर सारखा केला आणि अगदी हळू सांगायला लागल्या, की तिकडं समुद्राच्या काठाला बाजार भरतो, आणि तिथं एक बाई हाय, मासे विकते आपल्यासारखीच.

बायका पुढे सरकल्या. बाहेर कोणीतरी खाकरलं. काकूंचा आवाज आणखी खाली गेला.

पलंगावरच्या म्हातारीने डोळे उघडले.

"जोरान सांग गो," ती म्हणाली. "मना आयकू येत नाय."

काकूंनी सासूकडे बघितलं. मग मान वर केली, आणि मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.